परीक्षेआधीचं अभिनंदन

कसबा बावड्याच्या चौकात फ्लेक्सच्या फलकावर अनुजाचा चेहरा म्हशीच्या तोंडाएवढा लागला, त्या दिवसापासून तिच्या घशाखाली घास उतरेना.

ते डिजिटल तिच्या चुलत्यानं, हंबीररावानं लावलं होतं. बांबू रोवायला तालमीची पोरं होतीच. ‘परदेशी विद्यापीठात निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.’ खाली शुभेच्छुकांच्या रांगा, आणि काळा चष्मा घातलेल्या हंबीररावाचा फोटो पुतणीच्या फोटोपेक्षा थोडा मोठाच.

निवड अजून झालीच नव्हती. इंग्रजीच्या परीक्षेत ठरलेले गुण पडले तरच विद्यापीठ जागा देणार होतं. हंबीररावानं निम्मं ऐकलं आणि तडक डिजिटलवाल्याचं दुकान गाठलं.

परीक्षा रविवारी होती. अनुजा ती आधी एकदा देऊन आलीय, हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. लिहिणं, वाचणं, ऐकणं तिला जमलं होतं. बोलायच्या वेळी समोरच्या बाईंनी कार्ड पुढं केलं, यावर दोन मिनिटं बोला म्हणाल्या, आणि तिची जीभ जी टाळ्याला चिकटली ती सुटलीच नाही. आता प्रवेशाची मुदत संपत आली होती. ही खेप गेली की जागा गेली.

ती सरावाला बसायची. पहिलं वाक्य निघायचं, मग डोळ्यांपुढं चौक यायचा आणि दुसरं वाक्य निघायचंच नाही. दूध घालायला गेली की बायका विचारायच्या, “काय गं, विमानात कवा बसतीस?” ती नुसती हसायची.

शनिवारी संध्याकाळी हंबीरराव गोठ्यात धार काढत होता. ती जवळ जाऊन उभी राहिली.

“तात्या, ते डिजिटल उतरवा.”

“का? फोटो वाईट आलाय व्हय?”

“मी एकदा नापास झालोय.”

धार थांबली. म्हशीनं मान वळवून पाहिलं.

“कवा?”

“मैत्रिणीकडं म्हणून पुण्याला गेलतो, तवा. तात्या, तोंड उघडलं की सगळा चौक दिसतोय. उद्या परत तसंच झालं तर?”

“आणि बोर्ड उतरवला तर पोरं मला काय म्हणतील?”

ती तशीच माघारी वळली. हंबीररावानं ते पाहिलं आणि चरवी बाजूला ठेवली.

“कुस्तीच्या आधी पैलवानाला गुलाल लावत न्हाईत,” तो म्हणाला. “जलम तालमीत गेला माझा. एवढं कळाय पायजे हुतं.”

दिवस मावळायच्या आत तो स्वतः बांबूवर चढला. खाली तालमीची पोरं उभी होती. “तात्या, निवड रद्द झाली काय?” एकानं टोमणा मारला. “व्हायची हाय अजून,” हंबीरराव वरून म्हणाला. “मीच घाई केली. दोर सोड तिकडचा.”

सकाळी ते डिजिटल त्यांच्याच वैरणीच्या गंजीवर पसरलेलं होतं. अनुजाच्या कपाळावर कोंबडी बसली होती. चौकात नुसते बांबू उभे होते.

परीक्षेचं केंद्र या वेळी जवळच होतं, आणि खोलीत बाई दुसऱ्या होत्या. त्यांनी कार्ड पुढं सरकवलं. घरातल्या एका माणसाविषयी बोलायचं होतं. तिची जीभ पुन्हा टाळ्याकडं निघाली. घड्याळ चालू होतं, बाई वाट पाहत होत्या. मग तिला बांबूवर चढलेले तात्या दिसले, सगळ्यांच्या देखत दोर सोडणारे.

“माझे चुलते,” ती इंग्रजीत म्हणाली. आवाज गोठ्यातून शिवारात हाक घालावी एवढा निघाला. बाईंनी खुर्ची थोडी मागं घेतली.

अनुजानं आवाज खाली आणला. पण दोन मिनिटं संपेपर्यंत ती थांबली नाही.