पाकिटात राहिलेली तबकडी

मित्रांनो, मी एक जुना रेकॉर्ड प्लेयर आहे. माझी सुई झिजली आहे, पट्टा सैल पडला आहे. खरे सांगायचे तर मी आता थकलो आहे.

सुमतीकाकूंनी मला नागपूरच्या सीताबर्डीतल्या दुकानातून हौसेने खापरखेड्याच्या वीज केंद्राच्या क्वार्टरमध्ये आणले. त्या पोळ्या लाटत आणि मी गात असे. येणारे-जाणारे माझे कौतुक करत. शेजारच्या साहेबांनी बदली झाल्यावर जाताना एक अमेरिकन तबकडी भेट दिली. इंग्रजी गाणी आपल्याला काय कळणार, म्हणून ती पाकिटातच राहिली.

पुढे काकू गेल्या. वयाबरोबर त्यांच्या यजमानांचे, धर्मेंद्रकाकांचे, कानही गेले. मग मला कोण लावणार? मुलगी गार्गी इस्पितळातून दमून येई, एकच गोष्ट चारदा ओरडून सांगे आणि शेवटी गप्प बसे. हळूहळू दोघांचे बोलणेच संपले.

यंदा काका निवृत्त झाले आणि क्वार्टर सोडायची वेळ आली. गार्गीने मला कपाटावरून उतरवले.

"बाबा, याले कबाडीत देऊन टाकते," ती त्यांच्या कानाशी ओरडून म्हणाली.

काकांनी होकाराची मान हलवली. मी चालतो की नाही हे पाहायला तिने हाताला आली ती तबकडी लावली. ती नेमकी साहेबांची निघाली.

गिटारी हलकेच सुरू झाल्या, मागून ड्रमचा ठेका आला, आणि एका तारेचा सूर असा लांबत गेला की गार्गी हातातले सामान ठेवून खालीच बसली. तिने मोबाईलवर शोधले. ते कंट्री रॉक होते, तिकडच्या खेड्यांतल्या गाण्यांना विजेच्या गिटारी जोडलेले संगीत. तबकडी त्यातली नावाजलेली होती. इतकी वर्षे घरात असून तिचा एक सूरही कुणी ऐकला नव्हता.

मग तिचे लक्ष काकांकडे गेले. ते भिंतीकडे पाहत बसले होते. तिने त्यांचा हात धरून माझ्या लाकडी पेटीवर ठेवला. थोड्या वेळाने त्यांची बोटे ठेक्यावर हलू लागली.

"ढोल वाजून राहिला ना?" त्यांनी विचारले.

गार्गीने मान डोलावली.

"तुह्या आईले आवडलं असतं वं."

तबकडी संपेपर्यंत दोघेही उठले नाहीत.

आता मी त्यांच्यासोबत नागपूरच्या दोन खोल्यांत आहे. किती दिवस फिरेन, सांगता येत नाही. मित्रांनो, घरातल्या वस्तू वापरा, पडून राहिल्या की त्या लवकर म्हाताऱ्या होतात. आणि घरात कुणाला ऐकू येईनासे झाले, तर गप्प बसू नका. त्याचा हात हातात घ्या.