शिरवाळ्यांचा आळ

किशोरीचे डोळे पिवळे झाले त्याच्या आदल्याच आठवड्यात तिने जावेच्या घरचे शिरवाळे, म्हणजे नारळाच्या गोड रसातल्या तांदळाच्या शेवया, खाल्ले होते. तिला तेवढं पुरलं.

जाऊ म्हणजे अनुजा. मसुऱ्यात दोघींचं अंगण एकच, पण किशोरीच्या मुलीचं, अक्षयाचं, ठरलेलं लग्न मोडल्यापासून बोलणं बंद होतं. मुलाकडच्या पाहुण्यांचे कान अनुजानेच भरले, अशी किशोरीची खात्री. अनुजा कानांवर हात ठेवायची. अशात तिने सणाचे शिरवाळे पाठवले, आणि सणाचं परत कसं पाठवायचं म्हणून किशोरीने ते खाल्ले.

मग लघवी कोऱ्या चहासारखी होऊ लागली, पायरी चढताना धाप लागू लागली. अक्षयाने तिला कुडाळच्या इस्पितळात नेलं. हिमोग्लोबिन पाचवर आलं होतं.

"विषाची तपासणी करा," किशोरी डॉक्टर तन्वीला म्हणाली, आणि खाटेवरूनच तिने भावकीत फोन लावले. "अनुजान माका विष घातल्यान!"

अनुजा घरगुती मसाला विकायची. तिची पाकिटं परत येऊ लागली. ते ऐकून किशोरीला सलाइनपेक्षा जास्त तरतरी आली.

डॉक्टर म्हणाली, "लिव्हर चांगलंय, काविळीचे विषाणू नाहीत. तांबड्या पेशी अंगातच फुटतायत. का, ते कूम्ब्स टेस्ट सांगेल."

टेस्ट पॉझिटिव्ह आली. "तुमच्या पेशींवर तुमच्याच शरीराच्या अँटीबॉडी चिकटल्यात. चाचणीचा द्रव घातल्याबरोबर पेशींचे पुंजके झाले. शरीर स्वतःच्या रक्ताला परकं समजून मारतंय."

"कोणी काय घातल्याशिवाय?"

"हो. शिरवाळ्यांनी हे होत नाही."

किशोरीला खरं तर हायसं वाटायला हवं होतं. तिला संताप आला. एवढा जपून धरलेला वैरी डॉक्टरने चार वाक्यांत हिरावून घेतला होता.

स्टेरॉइडने रक्त वाढलं, चेहरा सुजला, भूक खवळली. घरी आल्यावर अक्षया म्हणाली, "आये, आता काकीचा खरा सांग सगळ्यांका."

"सांगान. आधी तिका जरा भोगूंदे."

किशोरीने कोणालाच काही सांगितलं नाही. अनुजाचा मसाला डब्यांत पडून राहिला. शेवटी एका सकाळी अनुजाच अंगणात आली.

"वयनी, तुका ठावक आसा मी काय घालूक नाय."

"ठावक आसा."

"मगे सांगत कित्या नाय?"

"अक्षयाच्या पावण्यांका काय सांगलंस, ता तू सांग. मगे मी सांगतंय."

अनुजाने आजूबाजूला कोणी नाही ना, ते पाहिलं. "तुमच्या घरात दारू चलता म्हणान सांगलंय," ती पुटपुटली. "माझ्या चेडवाचा लगीन खंय जमत नव्हता. माका बघवला नाय."

त्याच आठवड्यात भावकीत बारसं होतं. पंगत बसली, अनुजा भात वाढत होती. किशोरी उभी राहिली.

"अनुजान माका विष घालूक नाय. माझाच शरीर माझा रगात खाता, डॉक्टरान सांगल्यान." बायकांनी सुस्कारे सोडले. अनुजाच्या डोळ्यांत पाणी आलं. "पण अक्षयाचा लगीन हिनांच मोडल्यान. आमच्या घरात दारू चलता म्हणान पावण्यांका सांगल्यान. माझ्याकडे कबूल केल्यान."

अनुजाच्या हातातला डाव तसाच राहिला. तिच्या बाजूने कोणी बोललं नाही. किशोरी खाली बसली आणि तिच्याकडेच आणखी भात मागितला. कित्येक महिन्यांनी तिला जेवण गोड लागत होतं.

समोरच्या रांगेतून अक्षया पानावरून उठली. आपलं मोडलेलं लग्न आईने भरपंगतीत मांडलं होतं.

"अक्षया, जेवन सोडून खंय चललंस गो?"

अक्षयाने मागे वळून पाहिलं नाही.