ताईच्या टेबलावर लक्ष

आमच्याकडे दात बनतात. कवळ्या, कॅप, सगळं. माझी ताई मेणाचे दात कोरते, मी शेजारच्या टेबलावर पॉलिश करते. कॅपचे सोनेरी धातूचे तुकडे ताईच्या खणात असतात. ते नाहीसे व्हायला लागले, तेव्हा मालकांनी तिला तोंडावर सांगितलं, "चोर सापडला नाही तर तुम्हाला जावं लागेल." खण तिचा म्हणून दोषही तिचा! दार दिवसभर सताड उघडं, दवाखान्यांची माणसं खुशाल आत-बाहेर करणार, ते मात्र कोणाला दिसत नव्हतं. माझं डोकंच फिरलं.

मग मीच शहाणपणा केला. आमच्या गल्लीत सायकली चोरीला जायच्या, तेव्हा शेजाऱ्यांनी एकमेकांच्या दारावर लक्ष ठेवायचं ठरवलं होतं. अनोळखी माणूस दिसला की गॅलरीतून कोणीतरी विचारायचं, "कोणाकडे आलात?" सायकली जायच्या थांबल्या. मालकांना म्हटलं, इथंही जोड्या लावू. एक उठला की दुसऱ्याने त्याचं टेबल बघायचं, बाहेरच्याला हटकायचं. ताईची जोडीदार मी.

मालक खूश. पण आमची माणसं! बाहेरच्याला विचारायची वेळ आली की सगळे मूग गिळून गप्प. आपापसात मात्र पहारा जोरात. साचेवाले काका पुन्हा चहाला गेले, हे मालकांना कळलं. पॅकिंगवाली फोनवर नवऱ्याशी भांडली, तेही कळलं. "कोणाकडे आलात?" विचारणारी मी एकटी. एका हेल्मेटवाल्याला विचारलं, तर तो उत्तर न देता मागे फिरला आणि पुन्हा दिसलाच नाही. मालकांना सांगितलं. "माणसं बदलत असतात," ते म्हणाले.

त्यानंतर मात्र एकही तुकडा गेला नाही. मी ताईला म्हटलं, "सुटलीस गं बाई!"

मालकांनी सगळ्यांना बोलावलं. "योजना उत्तम. ताईंच्या टेबलावर सगळ्यांचे डोळे लागले आणि चोरी बंद झाली. काय समजायचं ते समजा."

मला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा अंगाचा तिळपापड झाला.

"अहो, सायकली वाचल्या म्हणून आम्ही सायकलवाल्याला चोर नव्हतं ठरवलं! आणि तो हेल्मेटवाला?"

"बहीण आहे तुमची. तुम्ही असंच बोलणार."

साचेवाले काका नखांतलं प्लास्टर काढत बसले. बाकीच्यांच्या माना खाली. इतके दिवस सगळ्यांना सगळं दिसत होतं, आता कोणालाच काही दिसेना!

ताईने आपली हत्यारं फडक्यात गुंडाळली, डबा पिशवीत टाकला. दाराशी मालकांनी तिला थांबवलं.

"पिशवी बघावी लागेल. यांचा जोडीदार कोण?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

ताईने पिशवी माझ्यासमोर उघडून धरली. "बघ पटकन," ती हळूच म्हणाली. "तुझी नोकरी तरी राहू दे."

तोंडात आलेली शिवी मी गिळली आणि पिशवीत हात घातला.