मोजणीच्या सकाळी तीन सायकली

शाळेच्या रस्त्याला सायकलींसाठी वेगळा पट्टा मिळावा, म्हणून अर्ज मीच लिहिला. बी.एस्सी. होऊन घरी बसलेली बाई अर्ज बरा लिहिते, असं पालकांच्या ग्रुपवर सगळ्यांचं मत. एकसष्ट आयांच्या सह्या झाल्या. शेवटची विजयमालाताईंची. त्यांचा भाजीचा मळा बाजार समितीच्या पलीकडे. नवराबायको पहाटेच मेथी-सांबाराच्या जुड्या घेऊन बाजारात जातात. सातवीतली राधिका, माझ्या संस्कृतीची मैत्रीण, एकटीच सायकलनं शाळेत येते.

"पट्टा झाला त मायी चिंता मिटीन, बाई," त्या म्हणाल्या.

पालिकेकडे एकाच रस्त्यापुरता निधी होता. म्हणून ठरलं, शाळेच्या आणि तलावाकडच्या अशा दोन रस्त्यांवरच्या सायकली एका सकाळी मोजायच्या. जिथं जास्त, तिथं पट्टा.

मोजणीचा सोमवार नेमका सोयाबीनच्या आवकेत आला. सहा वाजता गच्चीवरून पाहिलं, तर बाजार समितीपासून आमच्या कोपऱ्यापर्यंत ट्रॉल्यांची रांग. एकीनं वळताना विजेचा खांब घासला. मोजणी लक्षात होती; पण पोरीपुढे मोजणी कसली? ग्रुपवर लिहिलं, 'आज रस्ता वाईट आहे. मुलांना सायकल देऊ नका.' बघता बघता चाळीस अंगठे आले.

चौकात आमच्या गल्लीतला पवन पालिकेतर्फे वही घेऊन मोजायला बसला होता. अकराला मी विचारलं, "किती झाल्या?"

"तीन, वहिनी."

"तीनच?"

"मंग काय माया घरच्या आनून लिवू? साऱ्या बाया गाडीवर लेकरं घेऊन जाऊन राह्यल्या होत्या. तुमीबी त स्कुटीवरून मले हात दाखवला!"

त्या तिघांत राधिका होती. विजयमालाताईंकडे साधा फोन. त्या ग्रुपवर नाहीत.

पट्टा तलावाकडच्या रस्त्याला गेला. तिकडे लोक संध्याकाळी फिरायला जातात.

दिवाळीनंतर ट्रॉलीचा धक्का लागून राधिका पडली. उजवा हात दोन ठिकाणी मोडला. आम्ही मायलेकी मळ्यात भेटायला गेलो, तेव्हा तिची पिशवी भरलेली होती. अनसिंगला मामाकडे चालली होती; तिथली शाळा घराला लागूनच.

"ताई, मी नेत जाईन तिला. रोज, संस्कृतीबरोबर."

विजयमालाताई मुळ्याच्या जुड्या बांधत होत्या. "न्यान. आठ दिवस न्यान. मंग तुमच्या घरी पाहुने येतीन, पोरगी बिमार पडीन. आमी रोज कोनाच्या तोंडाकडे पाहावं?"

मग मी त्या सकाळचं सगळं सांगितलं. मेसेज, स्कुट्या, पवनची वही. वाटलं, पट्ट्यावरून बोलतील, चार शिव्या देतील.

त्यांचे हात थांबले. "रस्ता वाईट हाय, हे तुमाले सकाळीच मालूम होतं?"

"हो."

"मंग मले काहून नाई सांगतलं?"

मळा आमच्या घरापासून स्कुटीवर पाच मिनिटांवर.

राधिकाचा बाप पिशवी उचलून बसस्टँडकडे निघाला. ती त्याच्या मागं. संस्कृती तिच्यासोबत बांधापर्यंत गेली. मी उभीच राहिले. विजयमालाताईंनी पुढची जुडी घेतली.