प्याला आधी सूरबाईला

नव्या पाळकसाहेबांच्या मनात काही वाईट नव्हतं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. भला माणूस भलं करायला गेला आणि फास दुसऱ्याच्या गळ्याला बसला, एवढंच.

चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या बाईला सगळी मंडळी सूरबाई म्हणत. प्रभुभोजनाला सगळ्यांसाठी द्राक्षारसाचा एकच प्याला असे. लोक वेदीपुढच्या कठड्याशी गुडघे टेकत. पाळक एकेकाच्या ओठांना प्याला लावत, फडक्याने कड पुसत, प्याला जरासा फिरवून पुढच्याकडे वळत. तेवढा वेळ सूरबाई वाजवत राही आणि सगळ्यांच्या शेवटी उठून उरलेला घोट घेई.

"सगळ्यांची सेवा करणारीला उरलंसुरलं? हे बरं दिसत नाही," गेल्या रविवारी पाळकसाहेब भर उपासनेत म्हणाले. "पुढच्या खेपेला वादन थांबेल. प्याला आधी सूरबाईला, मग पहिल्या बाकाला."

मंडळी खूश झाली. एक सूरबाई सोडून.

तिला एचआयव्ही होता, नवऱ्याकडून आलेला. तो न्यूमोनियाने गेला असं तिने सगळ्यांना सांगितलं होतं, सासूलासुद्धा. गोळ्या शिवणाच्या डब्यात रिळांखाली असत. उष्ट्याने, प्याल्याने हा रोग कुणाला होत नाही, तुम्ही बिनघोर राहा, असं डॉक्टरीणबाईंनी दहादा समजावलं होतं. डोक्याला ते पटलंही होतं. पण भीती काय डोक्याला विचारून येते? आपल्यानंतर कुणी पीत नाही, या एका गोष्टीवर तिची झोप टिकून होती.

शिवाय तिने पेंटरचं झालेलं पाहिलं होतं. चर्चच्या भिंती रंगवणारा हा हसतमुख माणूस. त्यालाही हाच आजार असल्याचा बोभाटा झाला, तेव्हाचे पाळक हा देवाचा कोप म्हणाले आणि पेंटरचा बाक रिकामा होत गेला. मग खजिनदारांच्या बायकोने त्याच्यासाठी घरून वेगळा स्टीलचा पेला आणला, वर "त्याच्याच भल्यासाठी" म्हणाली. पेंटरने त्या पेल्याकडे एकदा पाहिलं आणि तो परत कधी आला नाही. त्याच्या मातीलाही चारच माणसं होती. पेला मात्र वेदीमागच्या खोलीतल्या कपाटात अजून होता. सूरबाई गीतांची पुस्तकं तिथेच ठेवायची.

शनिवारी ती पाळकसाहेबांकडे गेली. "मला शेवटीच बरं वाटतं हो."

"नम्रता पुरे आता, सूरबाई," ते हसून म्हणाले. आता या माणसाला काय सांगणार?

घरी तिने सासूला गळ घातली. "आई, उद्या तुम्ही मागे बसा ना. पुढे पंख्याचा वारा लागतो."

"मागून मला काय ऐकू येणार, कपाळ?" म्हातारी ओरडली. तिला कानाने फार कमी यायचं, त्यामुळे ती सगळंच ओरडून बोलायची. तिची कुजबुज म्हणजे गल्लीभर दवंडी. पहिल्या बाकावरची पहिली जागा तिचीच होती. म्हणजे सूरबाईच्या नंतर तीच पिणार होती.

रविवारी ऑर्गन थांबला. एवढी शांतता त्या चर्चमध्ये कधी झाली नव्हती. सूरबाई जीव मुठीत धरून कठड्याशी गेली. शेजारी सासूने कण्हत गुडघे टेकले, पलीकडे खजिनदारांच्या बायकोने. प्याला आला. सूरबाईने ओठ घट्ट मिटले, मान जराशी मागे केली आणि प्यायल्याचं सोंग केलं.

म्हातारीचे कान गेले होते, डोळे नव्हते.

"अगं, प्यायली नाहीस तू," ती सुनेकडे झुकून, आपल्या मते अगदी हळू, म्हणाली. "माझ्यासाठी घाबरतेस होय? मला सगळं ठाऊक आहे. त्याचा तो एड्स मला तुमच्या लग्नाआधीच कळला होता. मुलगा एकटा पडेल म्हणून गप्प बसले. तुझ्या गोळ्यासुद्धा पाहिल्यात मी. पाप माझं आहे, पोरी, तुझं नाही. पी."

शब्द छतापर्यंत गेले. सूरबाईला आधी संताप आला. या बाईने जाणूनबुजून मला आगीत ढकललं आणि इतकी वर्षं माझ्या हातचं जेवली! पण संतापाला बसायलाही जागा मिळाली नाही. पाठीमागे सगळं चर्च होतं आणि त्यातलं कुणी खोकतही नव्हतं. आता लपवायला काहीच उरलं नव्हतं, म्हणून ती प्यायली.

पाळकसाहेबांचा हात सवयीने फडक्याकडे गेला. म्हातारीने त्यांचं मनगट धरलं आणि सुनेचे ओठ लागलेल्या कडेवरूनच घोट घेतला. मग कठड्यावर कपाळ टेकून, डोळे मिटून ती प्रार्थनेला लागली.

प्याला पुढे सरकला. खजिनदारांची बायको उठून उभी राहिली आणि साडी सावरत दाराकडे चालू लागली.

सूरबाई कशीबशी ऑर्गनपाशी येऊन बसली. समोर भिंतीवर वेदी आणि मंडळी दिसावी म्हणून लावलेला छोटा आरसा होता. त्यात तिला बाक दिसत होते. एक बाक उठला, मग त्यामागचा. चपलांचा आवाज ऐकवेना, म्हणून तिने वाजवायला सुरुवात केली. पाळकसाहेब पांढऱ्याफटक चेहऱ्याने भरला प्याला धरून उभे होते.

म्हातारीने डोळे उघडले. चेहरा हलका झाला होता, कितीतरी वर्षांचं ओझं उतरल्यासारखा. ऑर्गन कठड्याला लागूनच होता. तिने मागे न बघता सुनेकडे पाहिलं.

"कुणी ऐकलं नाही ना गं?"

आरशात आता चार-दोन माणसं उरली होती. सूरबाईने मान हलवून नाही म्हटलं, आणि म्हातारीने इतक्यात उठू नये म्हणून पुढचं कडवं सुरू केलं.