नलूची टोपली आणि मांजरीचा विमा

मित्रांनो, मला हात लावाल तर आजही तुमच्या बोटांना मासळीचा वास येईल. मी एक जुनी टोपली आहे. मनोरच्या बाजारात बसणाऱ्या भागीने मला बांबूच्या कामट्यांनी विणले आणि माहीम गावच्या नलूने मला विकत घेतले. तेव्हापासून नलूच्या डोक्यावरची चुंबळ आणि पालघरचा मासळीबाजार हेच माझे जग झाले.

बाजारातून परतल्यावर नलू आधी मला धुवायची, मग स्वतःचे पाय.

"नलू, तुझी टोपली तुझ्याहून साफ हाय," बाजारातल्या बाया म्हणायच्या.

"मंग? गिऱ्हाईक मला थोडीच खातंय?" नलू म्हणायची.

पुढे प्लॅस्टिकचे टब आले. ते गळत नाहीत, कुजत नाहीत. मी मागच्या पडवीत गेले आणि तिथेच राहिले. माझ्यावरून पाली फिरत. बाजाराच्या वेळेला नलू टब उचलून निघाली की मला वाटे, आज चुकून तरी ती माझ्याकडे वळेल.

गेल्या थंडीत एक तपकिरी मांजरीचे पिल्लू माझ्यात येऊन झोपले. आमच्या किनाऱ्यावर मांजर कोणी विकत आणत नाही की पाळत नाही. बोंबील वाळत घातले की मांजरे येतात आणि सगळ्या गावाची होऊन राहतात. नलूने पिल्लाला हुसकले नाही. तिने माझ्या तळाशी आपला जुना पदर अंथरला. खूप दिवसांनी माझ्यात काहीतरी उबदार होते.

होळीनंतर टब उचलताना नलूच्या छातीत भरून येऊ लागले. "होड्या वर घेतल्या की जाईन डॉक्टरकडं. आता हंगाम हाय," असे ती सगळ्यांना सांगायची. ज्येष्ठात होड्या वाळूवर ओढल्या गेल्या, त्यांच्यावर ताडपत्र्या चढल्या. तेव्हा नलू नव्हती.

तिची मुलगी हेमाली बोईसरच्या एका कंपनीत नोकरी करते. आधी ती तिकडेच खोली घेऊन राहायची. आता घरून ये-जा करू लागली. संध्याकाळी पडवीत येऊन ती माझ्या शेजारी बसे. नलू बाजारातून टेम्पोने परतायची, म्हणून बाहेर टेम्पो थांबल्याचा आवाज आला की मांजरी कान टवकारी, आणि हेमालीही मान वर करी. मलाही तसेच होई. टेम्पो पुढे निघून जाई.

एकदा मांजरीने दिवसभर ताटलीला तोंड लावले नाही. हेमाली घाबरून दारोदार विचारत फिरली. शेवटी कळले, शेजारच्या वत्सलाकाकूने तिला सुकट खाऊ घातली होती. पण त्या दिवशी हेमालीने ठरवले, या मांजरीचा विमा काढायचा.

रविवारी तिने पडवीतूनच फोन लावला. नलूचा भाऊ नामदेवमामा तिथे जाळे शिवत बसला होता. फोनवरच्या बाईंनी सांगितले, "दोन प्रकार आहेत, ताई. एकात मांजर दगावलं तर भरपाई मिळते. दुसऱ्यात आजारपणाचा खर्च मिळतो, पण त्याचा हप्ता जास्त. आणि विमा घेण्याआधीचं दुखणं त्यात धरत नाहीत. लस दिली आहे का?"

"नाही."

"मग आधी ती देऊन घ्या."

फोन ठेवताच मामा म्हणाला, "पयला घे. होडीचा तसाच असते. बुडाली तं पैशे, नाय तं गप."

"होडी दुसरी बांधता येते, मामा. मला मांजरीचे पैसे नकोत. मांजर पाहिजे."

कुंपणापलीकडून वत्सलाकाकू म्हणाली, "माझाबी काढ गं विमा. मी पन दुपारची झोपते नि उंदीर मारते."

सगळे हसले. किती तरी दिवसांनी हेमालीही हसली.

"बरं, दुसरा घे," मामा म्हणाला. "पन नारली पुनव होऊ दे. होड्या दर्यात जाऊ दे, मंग बघू. मांजर कुठं पलून जाते?"

हेमालीचे हसू थांबले. "आईपण असंच म्हणायची. हंगाम होऊ दे, मग बघू."

मामाने सुई खाली ठेवली.

दुसऱ्या दिवशी हेमालीने कामावर रजा टाकली. मांजरीला माझ्यात बसवून वर जुन्या जाळ्याचा तुकडा बांधला आणि आम्ही रिक्षाने पालघरला निघालो. मांजरी वाटभर ओरडत होती. डॉक्टरांनी तिला तपासले, लस दिली, सगळे ठीक आहे म्हणाले. ही बाहेर फिरते का, असे त्यांनी विचारले. "फिरते, आणि फिरू देणार आहे," हेमालीने खरे ते सांगितले. विम्याच्या बाईंनाही तिने तेच सांगितले आणि आजारपणाचा विमा त्याच संध्याकाळी घेतला.

परतताना रिक्षात तिने मला मांडीवर घट्ट धरले होते. मांजरी आता गप्प होती. हेमाली तिच्याशी हळूच बोलली, "मी रोज फोनवर विचारायचे. आई, गेलीस का डॉक्टरकडं? रोज. एकदा अशी रिक्षा घेऊन आले असते तर..."

मित्रांनो, मला पाय असते तर नलूला मीच घेऊन गेले असते. तुम्हाला पाय आहेत. तुमच्या घरातले कोणी 'मग जाईन' म्हणाले, तर गेलात का, असे विचारत बसू नका. चपला घाला, त्यांचा हात धरा आणि 'चला' म्हणा.