सातव्या ओळीतली डुलकी

विणकाम शाळेच्या वेबसाइटवर एक पान होतं. टाके किती, रंग कोणते एवढं सांगितलं की ते शालीचा नमुना चौकटी-चौकटींत काढून द्यायचं. ते लिहिलं होतं ताईने. ताई जाऊन तीन वर्षं झाली होती, आणि गेल्या महिन्यात पान अडलं. शाळेच्या बाईंनी निरोप धाडला, शुक्रवारपर्यंत चालू झालं तर उत्तम, नाहीतर ते काढून तयार मिळतं तसलं एखादं लावू.

ताईच्या मुलीने, म्हणजे भाचीने, रजा टाकली आणि लॅपटॉप घेऊन मावशीकडे येऊन बसली. पान पटकन उघडावं म्हणून ताईने प्रोग्राम दाबून एका ओळीत बसवला होता. मोकळ्या जागा गेल्या, तिच्या टिपा गेल्या, नावांच्या जागी एकेक अक्षर उरलं. मोकळी, वाचता येणारी प्रत ज्या कॉम्प्युटरवर होती, तो घर आवरताना भाचीनेच भंगारात दिला होता. त्याबद्दल ती बोलत नसे. नुसती नखं कुरतडायची.

सोमवारी तिने एका साधनातून त्या एका ओळीच्या नऊशे ओळी करून घेतल्या, नीट समास सोडून.

"झालं की मग," मावशी म्हणाली.

"कुठलं झालं? डबे फळीवर लागलेत, पण एकावरही नाव नाही. मीठ कुठलं, साखर कुठली, चाखून बघायचं."

मावशीने टोपलीतून सुया काढल्या. "तू वाच. मी विणून बघते."

भाचीला हसू आलं, पण दुसरं काही सुचतही नव्हतं. मग रोज दुपारी ती वाचायची आणि मावशी खिडकीपाशी विणायची. 'ए' दर फेरीला एकाने वाढतो म्हटल्यावर मावशी म्हणाली, तो ओळी मोजतोय. 'बी' कधी हो, कधी नाही, असा उलटत राहतो म्हटल्यावर तिला सांगावंही लागलं नाही, बोटं आपोआप सुलटावरून उलटावर गेली. भाची एकेक अक्षर पुसून नाव लिहायची: ओळ, सुलट, काठ. मशीनने मराठी नावं निमूट घेतली.

उन्हं फरशीवरून सरकत भिंतीला टेकायची. भाचीचा आवाज एकसुरी व्हायचा आणि ऐकता ऐकता तो ताईचा होऊन जायचा. लहानपणी अशीच ताई ओळी मोजायची, आणि तिच्या तोंडून आकडे लोकरीसारखे उलगडत यायचे. मावशी मान वर करायची नाही. केली की आवाज पुन्हा भाचीचा होईल, असं तिला वाटायचं.

गुरुवारी अडलेली जागा सापडली. रंग भरायची एक जुनी पद्धत आताच्या ब्राउझरना कळत नव्हती; भाचीने ती बदलली. नाव द्यायचा राहिला फक्त 'क्यू'.

"हे उगीच आहे," भाची म्हणाली. "दर सातव्या ओळीला एक टाका गाळतो, आठवीला परत वाढवतो. आईची चूक राहिली असणार. काढून टाकते."

"थांब जरा."

मावशीने विणलेला तुकडा उजेडासमोर धरला. काठाजवळ एकाखाली एक बारीक भोकं होती, आणि त्यांतून उन्हाचे ठिपके तिच्या मांडीवर पडले होते. तिने एका ठिपक्यावर बोट ठेवलं. मग म्हणाली की लहानपणी एकच शाल ताई आणि ती आळीपाळीने विणायच्या, आणि सातव्या ओळीला मावशीला हमखास पेंग यायची. टाका घसरायचा. ताई काही न बोलता सुया काढून घ्यायची आणि पुढच्या ओळीत धाग्याचा वेढा देऊन आकडा जुळवायची. त्या दोघींच्या आईने विचारलं की ताई सांगायची, नक्षी आहे.

भाचीने नख तोंडातून काढलं. "काय नाव देऊ याला?"

"डुलकी."

शुक्रवारी पान चालू झालं. चढवताना भाचीने प्रोग्राम पुन्हा दाबला आणि 'डुलकी'चं परत एक अक्षर झालं. पण मोकळी प्रत तिने तीन ठिकाणी ठेवली आणि एक छापून लोकरीच्या टोपलीत टाकली.

शाळेच्या बाईंचा निरोप आला, पान नेहमीसारखं चालतंय. तो वाचून दाखवायला भाची वळली, तर मावशीची मान कलली होती आणि एक टाका सुईवरून निसटला होता. भाचीने अलगद सुया काढून घेतल्या, ओळी मोजल्या आणि धाग्याचा वेढा दिला.